गळभाऊ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, गर्भगिरीच्या डोंगररांगेलगत पसरलेल्या पाथर्डी तालुक्यात मे महिन्याच्या उत्तरार्धात एक मनुष्यविशेष दृष्टीस पडतो; त्याची नोंद ना जनगणनेत होते, ना मत्स्यव्यवसाय खात्याच्या दप्तरात. उरलेले साडेअकरा महिने हा गृहस्थ कापड दुकानदार, माध्यमिक शिक्षक, खते-बियाण्यांचा विक्रेता किंवा पतसंस्थेचा वसुली अधिकारी म्हणून नीट वागत असतो. त्या पंधरवड्यात मात्र तो मासेमार होतो. चार-सहा मित्रांना गाडीत घालून जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या भंडारदरा धरणावर जायचे, तेथे दोन रात्री तंबूत राहायचे आणि गळ टाकून स्वतः धरलेले मासे स्वतः शिजवून खायचे, असा त्याचा त्रिविध संकल्प असतो, आणि त्यांपैकी जाण्याचा भाग बहुधा तडीस जातो. या गृहस्थाला प्रस्तुत लेखात ‘गळभाऊ’ म्हटले आहे. शास्त्रीय लेखनाच्या रिवाजाप्रमाणे त्याचा उल्लेख एकवचनी केला असला, तरी पाथर्डीच्या बाजारपेठेत त्याला एकवचनी हाक मारून पाहण्याचा प्रयोग कोणी करू नये.

या प्रवासातील पहिले वैचित्र्य असे की, दोनशेच्या घरात किलोमीटर तोडूनही गळभाऊ जिल्ह्याबाहेर पडत नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा पावसाच्या बाबतीत एकाच वाड्यात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांसारखा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पाथर्डी मात्र पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने ढग रिते करून घेतल्यावर पुढे जे कोरडे वारे उरतात त्यांच्या वाटेवर असल्याने, तिच्या नावावर पाचशे-सहाशे मिलिमीटर लिहिलेला असतो आणि तोही कागदावरून जमिनीवर उतरेलच याची हमी नसते. प्रवरा नदीवरचे भंडारदऱ्याचे धरण इंग्रजी अमदानीत १९१० साली बांधावयास घेतले गेले आणि १९२६ साली पुरे झाले. त्याची दगडी भिंत सुमारे ८२ मीटर उंच असून मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव तिला मिळाले आहे. या भिंतीमागे ११ टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर.

गळभाऊला अर्थातच ही व्याख्या सांगावी लागत नाही. ज्या मुलखात पाणी दिसत नाही त्या मुलखात ते मोजले फार जाते, आणि गळभाऊच्या तोंडी निळवंडे सव्वाआठ, भंडारदरा ११, मुळा २६ आणि जायकवाडी १०२ हे आकडे पाढ्यासारखे असतात. स्वतःचा धाकटा मुलगा कितवीत आहे असे विचारल्यास मात्र तो बायकोकडे पाहतो. रोजच्या वर्तमानपत्रात धरणसाठ्याचा तक्ता असतो, तो तो पंचांगाच्या आधी वाचतो. त्या तक्त्यातील ‘उपयुक्त साठा’ म्हणजे कालव्यात किंवा नदीत सोडता येईल इतके पाणी, आणि ‘मृतसाठा’ म्हणजे विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, खाली राहून कोणाच्याच उपयोगी न येणारे पाणी. हा भेद तो चहाच्या टपरीवर इतक्या तळमळीने समजावतो की, ऐकणाऱ्याला एखाद्या नातेवाइकाच्या प्रकृतीविषयी बोलणे चालले आहे असे वाटावे.

इतक्या कोरड्या तालुक्यात मासेमारीची हौस उपजली कोठून, हा प्रश्न अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. गळभाऊ स्वतः याचे मूळ नाथसंप्रदायात दाखवतो. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे, आणि त्याच डोंगररांगेत बीड जिल्ह्याच्या हद्दीत सावरगावजवळचे मायंबा हे मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान मानले जाते. शिवाने पार्वतीला केलेला उपदेश मच्छिंद्रनाथांनी माशाच्या पोटात राहून ऐकला अशी आख्यायिका आहे. सबब मासा ही या मातीचीच परंपरा होय, असे गळभाऊचे प्रतिपादन असते. नाथांनी मासा खाल्ला नव्हता, उलट माशानेच नाथांना गिळले होते, ही त्यातील अडचण मित्रमंडळीत कोणी उपस्थित करीत नाही, कारण गाडी कोणाची न्यायची हे अजून ठरावयाचे असते. जुन्या ग्रंथांचा आधारच हवा असेल तर तो निराळ्या ठिकाणी सापडतो. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे, आणि त्यात माशांच्या जाती, त्यांना चारावयाचे खाद्य, गळ, दोरी व आमिषे यांचा राजाला शोभेल असा विचार केला आहे. पुढे १६५३ साली इंग्लंडात इझाक वॉल्टनने याच छंदावर जो ग्रंथ लिहिला त्यात गळ टाकणे हा चिंतनशील माणसाचा विरंगुळा ठरवला गेला. गळभाऊचा राजाशी संबंध जोडता येतो, कारण तोही स्वतः काही वाहून नेत नाही. वॉल्टनशी मात्र जोडता येत नाही, कारण चिंतनाला जी शांतता लागते ती पाथर्डीची माणसे एका तंबूत असताना संभवत नाही.

मोहिमेतील सर्वांत बिकट काम मासा पकडण्याचे नसून मासा खाण्यास मोकळा असा दिवस पकडण्याचे असते. सोमवार महादेवाचा, तालुक्यात वृद्धेश्वराचे जागृत स्थान असल्याने तो मोडता येत नाही. मंगळवार आणि शुक्रवार मोहटादेवीचे. गुरुवार दत्ताचा आणि त्याच जिल्ह्यातल्या शिर्डीच्या साईबाबांचा. शनिवार मारुतीचा, शिवाय शनिशिंगणापूर शेजारच्याच नेवासे तालुक्यात असल्याने त्या वारी धाडस करण्याचा प्रश्नच येत नाही. उरतात बुधवार आणि रविवार, आणि ते एकमेकांना लागून नाहीत. त्यात एकादशी व संकष्टी वगळाव्या लागतात, आणि लग्नसराई असल्याने दाट तिथी तर वगळाव्याच लागतात, कारण गळभाऊ आहेर न करता गेला हे पाथर्डीत चालते, पण पंगतीला दिसला नाही हे चालत नाही. २०१८ प्रमाणे एखाद्या वर्षी ज्येष्ठ महिना अधिक आला तर मोहीमच संपते. अधिक म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जावयाला सासुरवाडीहून अनारशांचे बोलावणे येते आणि गाडी नेमकी ज्या दाजींची असते तेच जावई असतात. सर्वसाधारण वर्षी गळभाऊ या कोंडीतून जी वाट काढतो तिच्यात कायदेपंडिताची कुशाग्रता दिसते. इंग्रजी पद्धतीने वार मध्यरात्री बदलतो आणि आपल्या पद्धतीने सूर्योदयाला, हे दोन्ही संकेत समाजात रूढ आहेत; गळभाऊ शनिवार संपवताना इंग्रजी संकेत वापरतो आणि सोमवार सुरू करताना देशी. त्यामुळे शनिवारी रात्री बारा वाजल्यापासून सोमवारी सूर्य उगवेपर्यंत असा तीस तासांचा सलग रविवार त्याच्या हाती लागतो, आणि त्याला कोणत्याही देवाची हरकत राहत नाही.

साधनसामग्रीची खरेदी मार्चमध्ये होते आणि तिचा सराव एप्रिलमध्ये. गळ म्हणजे खरे पाहता दोरीच्या टोकाचा आकडा. पण व्यवहारात दांडी, तंगूस अर्थात नायलॉनची पारदर्शक दोरी, तिला खाली ओढणारे शिसे, वर तरंगणारे बूच आणि आकडा या सगळ्या सरंजामाला मिळून गळ म्हणतात. ऑनलाइन मागवलेली दांडी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची असते आणि तिला दोरी गुंडाळणारे रीळ जोडलेले असते. रिळाची मूठ डावीकडे लावायची की उजवीकडे यावर आठवडाभर चर्चा होते. सराव गच्चीवर होतो. पाण्याच्या रिकाम्या बादलीला तळे मानून पंधरा पावलांवरून गळ फेकण्याची ही पद्धत तत्त्वतः निर्दोष आहे, परंतु एप्रिल हाच वाळवणाचाही महिना असल्याने शेजारच्या गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया पसरलेल्या असतात. आकडा बादलीत न जाता धोतराच्या काठात रुततो, गळभाऊला बोटाशी ओढ जाणवते, आणि फिल्ममध्ये पाहिल्याप्रमाणे तो दांडी झटक्याने वर उचलून रीळ फिरवू लागतो. धोतर कठड्यावर चढते. कुरडया अंगणात उतरतात. त्या कुटुंबाशी पुढे आषाढापर्यंत बोलणे बंद राहते, तरी गळाला काहीतरी नक्की लागले होते असा हा त्याच्या कारकिर्दीतील बहुधा एकमेव प्रसंग असल्याने गळभाऊ त्याचा उल्लेख आदराने करतो.

मंडळींची निवड परंपरेने ठरलेली असते. शाळेला सुटी लागलेले एक सर असतात. त्यांना प्रत्येक स्थळाची माहिती असते आणि ती थांबवता येत नाही. गाडीवाले दाजी असतात. कोणाचा तरी मेव्हणा असतो आणि तो मुंबईत असतो एवढ्यावरून त्याला पोहता येते असे गृहीत धरलेले असते. आणि एक माळकरी असतो. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मासे खात नाही, धरत नाही आणि शक्यतो पाहतही नाही. त्याला मासेमारीच्या मोहिमेवर का नेतात, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो, पण अनुभवी गळभाऊला तो पडत नाही. माळकऱ्याबरोबर पाच किलो बाजरीचे पीठ, दोन किलो हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, लसूण आणि लाल मिरची असते.

आणि पाणी असते. ही बाब मुद्दाम तपशिलाने नोंदवण्याजोगी आहे. गाडीच्या मागच्या भागात, तंबूच्या आधी, वीस लिटरचे चार जार चढवले जातात. त्यांची झाकणे पिळून घट्ट केली जातात, त्यांवर ओले फडके टाकले जाते आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला गळभाऊ मान वळवून ‘जार बघा’ असे म्हणतो. एकतीस हजार कोटी लिटर पाणी मावणाऱ्या धरणाच्या काठी राहावयास निघालेला माणूस ऐंशी लिटर पाणी बरोबर नेतो, याचे कारण विचारल्यास तो ‘असलेलं बरं’ एवढेच म्हणतो. गंमत अशी की हे पाणी त्याच धरणाचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. भंडारदऱ्यातून सुटलेली प्रवरा निळवंडे धरणातून पुढे अकोले आणि संगमनेरवरून वाहत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. तेथून ते पाणी पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, जाते. आणि जायकवाडीच्या फुगवट्यातून उचललेले पाणी शेवगाव-पाथर्डीच्या नळयोजनेद्वारे, काही दिवसांच्या अंतराने का होईना, गळभाऊच्या दारात येते. तात्पर्य, डोंगरातून शेकडो किलोमीटर उतरून जे पाणी मोठ्या कष्टाने पाथर्डीला पोचवले जाते, ते गळभाऊ जारमध्ये भरून पुन्हा डोंगरात नेऊन ठेवतो.

या जलमार्गामुळे त्याची राजकीय अडचणही होते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या अधिनियमात समन्यायी वाटपाचे, म्हणजे तुटीच्या वर्षी एका खोऱ्यातील सर्व धरणांनी तूट वाटून घेण्याचे, तत्त्व आहे. त्यानुसार ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडी पुरेसे भरले नसेल तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते, आणि मग नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. गळभाऊ जिल्ह्याने नगरचा आणि नळाने जायकवाडीचा. नगरला गेला की तो ‘आमचं पाणी पळवलं’ म्हणून टेबल आपटतो, आणि पाथर्डीत परतताना करंजी घाट उतरल्यावर जायकवाडी किती टक्के झाले याची हळूच चौकशी करतो. भंडारदऱ्याच्या कालव्यांचा खरा लाभ प्रवरेच्या पट्ट्याला झाला. लोणीला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या बळावर. आणि असा ऊस तोडायला दिवाळीच्या आसपास जी बिऱ्हाडे कोयते घेऊन निघतात त्यांत पाथर्डी तालुक्याची बिऱ्हाडे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्या पाण्याशी तालुक्याचा जुना संबंध आहे तो कोयत्याचा. गळाचा संबंध फार अलीकडचा आणि पगारदारांचा आहे, हे गळभाऊच्याही ध्यानात असते, म्हणून संगमनेरच्या पुढे दुतर्फा हिरवे दिसू लागले की गाडीत थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग राजूरला पेढे घेतले जातात आणि वातावरण निवळते.

काठावर पोचल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की काठ तेथे नाही. उन्हाळी आवर्तने, म्हणजे शेतीसाठी ठराविक पाळीने सोडलेले पाणी, संपत आलेली असताना जलाशय वर्षातील सर्वांत खालच्या पातळीवर असतो. छायाचित्रात जेथे लाटा होत्या तेथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ, दगडगोटे आणि गुरांच्या पाऊलखुणा असतात, आणि पाणी त्यापलीकडे पुष्कळ अंतरावर चकाकत असते. दुष्काळी तालुक्यातला माणूस पाणी पाहायला नेमका अशा महिन्यात येतो ज्या महिन्यात धरण पाथर्डीसारखे दिसते. गळभाऊ मात्र नाउमेद होत नाही. तो कंबरेवर हात ठेवून उघड्या पडलेल्या उतारावरील पाण्याच्या जुन्या रेघा न्याहाळतो आणि ‘तीन टीएमसी असंल’ असा निर्णय देतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असते ते पुढील दोन दिवसांत पुन्हा दिसत नाही.

तंबूविषयी थोडक्यात सांगता येईल. घुमटाकार तंबूला दोन लवचिक काड्या असतात, त्या एकमेकींना ओलांडून कोपऱ्यांत अडकवायच्या असतात, आणि माहितीपत्रक चिनी भाषेत असते. ‘चौघांचा तंबू’ ही संज्ञा ज्या चौघांना धरून केली आहे ते पाथर्डीचे नसावेत. शेंडी, मुरशेत, पांजरे या जलाशयालगतच्या गावांतील पुष्कळ तरुण आता पर्यटकांना तंबू व जेवण पुरवण्याचा व्यवसाय करतात. त्यांपैकी एखादा बराच वेळ हा प्रकार पाहत उभा राहतो, शेवटी न बोलता पुढे येतो आणि तंबू उभा करून जातो. गळभाऊ त्याला जाता जाता तंबूच्या दोऱ्या कशा ताणाव्यात हे समजावून सांगतो.

मासेमारीचा खरा अभ्यास यानंतर सुरू होतो, आणि येथे गळभाऊचे सैद्धांतिक ज्ञान वादातीत आहे. धरणांत मत्स्यबीज सोडले जाते. अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू जिऱ्याएवढे असते म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणतात आणि ते बोटाएवढे झाले की त्याला बोटुकली हे फार गोड नाव आहे. अशा रीतीने वाढवल्या जाणाऱ्या तीन प्रमुख जातींपैकी कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून बूच आणि आकडा यांतील दोरीची लांबी ठरवते की कोणता मासा लागावा. गळभाऊ ही लांबी तिन्ही थरांना अनुकूल राहावी अशा बेताने सतत बदलत राहतो, आणि परिणामी आकडा बहुतेक वेळ हवेत असतो. आमिषाचा गोळा घरून मळून आणलेला असतो: कणीक, शेंगदाण्याची पेंड, हळद, बडीशेप आणि एक गुप्त घटक, जो हिंग असल्याचे सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी तापते, मासा थंड खोल पाण्यात उतरतो आणि काठाला तो येतो पहाटे व सांजवेळी, हेही गळभाऊ जाणतो आणि इतरांना सांगतो. परंतु पहाटे तो झोपलेला असतो आणि सांजवेळी चहा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष गळ टाकण्याची वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार अशी पडते. मासेमारीचा हक्क धरणावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो व गळ टाकण्यासही परवानगी लागते, हा मुद्दा कोणी काढलाच तर गळभाऊ खिशावर हात ठेवून ‘साहेबांशी बोलणं झालंय’ असे म्हणतो. कोणत्या साहेबांशी, हे मोघम ठेवण्यातच त्या वाक्याचे बळ आहे.

याच वेळी तीस-चाळीस पावलांवर एक स्थानिक पोरगा वेळूची साधी काठी घेऊन बसलेला असतो. महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची ही वस्ती. येथील मुलाला रीळ ठाऊक नसते, पण गाळाचा उतार कोठे संपतो हे ठाऊक असते. त्याच्या करवंटीत ओल्या मातीत गांडुळे असतात. बूच बुडते, तो मनगट जरासे हलवतो, आणि वीतभर लांबीचा मासा गवतावर तडफडू लागतो. थोड्या वेळाने दुसरा. गळभाऊ उठून त्याच्याजवळ जातो आणि त्याची पद्धत कशी चुकीची आहे, काठी आखूड असल्याने मोठा मासा कसा तुटून जाईल, गांडुळापेक्षा पेंड का श्रेष्ठ, हे त्याला आपुलकीने समजावून देतो. पोरगा ऐकून घेतो. ‘व्हय’ म्हणतो. मग दोन गांडुळे देऊ का, असे विचारतो. गळभाऊ नको म्हणतो, आणि थोड्या वेळाने मेव्हण्याला पाठवून चार मागवतो.

संध्याकाळी पिठले होते. माळकऱ्याला मोहिमेवर का आणले याचे उत्तर येथे मिळते. तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी तव्यातली बाजरीची भाकरी फुगू लागली की मासे हा विषय निघेनासा होतो आणि मंडळी ज्या वेगाने जेवतात त्यावरून बेत पहिल्यापासून हाच असावा असे वाटू लागते. जेवणानंतर जे घडते ते समाजशास्त्रज्ञाने पाहावे असे आहे. भोवती विपुल पाणी असताना गळभाऊ ताट अर्ध्या पेल्यात धुतो, उरलेला अर्धा पेला दुसऱ्याच्या ताटात ओततो, आणि ते धुवण करवंदीच्या बुंध्याशी नेऊन टाकतो. जारला तोटी असते. तिच्याखाली थेंब साठवायला वाटी ठेवलेली असते. कोणी तरुणाने पाणी थेट सांडले तर ‘आवं, पाणी हाये ते’ असे शब्द त्याच्या तोंडून निघून जातात, आणि मग क्षणभर तो समोरच्या जलाशयाकडे पाहून खाकरतो.

मेअखेरीस या भागात काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उघडझाप करतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीची परस्परांना साद असते आणि बाहेरचा उजेड पडला की ती चुकते, म्हणून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात गाड्यांचे दिवे व गोंगाट यांवर निर्बंध घातले जातात. सर ही सगळी माहिती कपाळावर बांधलेला झगझगीत दिवा चालू ठेवून देतात. काजवे तेवढ्यापुरते विझतात, आणि सरांना वाटते की तेही ऐकत आहेत.

दुसऱ्या रात्री वळीव येतो. मोसमी पावसाच्या आधी दुपारनंतर ढग उभे राहून विजांच्या कडकडाटासह जो अवचित पाऊस पडतो त्याला वळवाचा पाऊस म्हणतात, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्याच्याबरोबर जो वारा सुटतो त्याला चौघांचा तंबू हे आव्हान वाटत नाही. तंबू उडतो, दांडी गडगडत जाते, आमिषाचा गोळा विरघळतो. मंडळी धावत जाऊन गाडीत बसतात आणि काचा धुरकटतात. येथे गळभाऊचे एक लक्षण प्रकट होते, जे आतापर्यंतच्या सर्व लक्षणांहून अधिक खात्रीचे मानावे लागेल. मागच्या सीटवर पाच माणसांत अंग चोरून बसलेला, चिंब भिजलेला, दीड हजाराची दांडी गमावून बसलेला हा गृहस्थ प्रथम खिशातून मोबाइल काढतो, तो सदऱ्याला पुसतो आणि घरी फोन लावतो.

‘इकडं लई पडतोय. तिकडं?’

‘आभाळ आलंय.’

‘नुसतंच?’

‘नुसतंच.’

फोन ठेवल्यावर तो काचेवर हाताने गोल पुसून बाहेर बघत राहतो. बाजूला दाजी आपल्या सीटच्या गादीचे काय होणार या चिंतेत असतात. गळभाऊ मात्र पाऊस कोणत्या दिशेने सरकतो आहे याचा अंदाज घेत असतो, आणि ढग पूर्वेकडे चालले आहेत असे कोणी म्हटले की त्याला भिजल्याचे काहीच वाटेनासे होते.

परतीच्या वाटेवर मासे विकत घेतले जातात. रिकाम्या हाताने घरी जाणे हा पराभव असल्याने गळभाऊ गाडी गावाच्या मागच्या अंगाला थांबवतो आणि मेव्हण्याला बाजारात पाठवतो, आणि मुंबईचा मेव्हणा आपल्या आवडीप्रमाणे बांगडे घेऊन येतो. बांगडा हा समुद्रात राहणारा मासा आहे. घरातील स्त्री प्रथम कल्ला, म्हणजे माशाचा श्वसनाचा अवयव, उचलून त्याचा रंग पाहते, मग बोटाला लागलेला बर्फाचा कण पाहते, आणि ‘धरणात बर्फासकट पोहत व्हते का?’ एवढेच विचारते. सर मदतीला धावतात आणि घाटघरच्या कड्याखाली कोकणच आहे, तेव्हा पावसात एखादा वर चढून येणे अशक्य नाही, असे भौगोलिक स्पष्टीकरण देतात. ती बांगडे साफ करावयास घेते आणि गाडीतले जार उतरवायला सांगते. चारपैकी तीन जार न उघडता परत आलेले असतात. नळाला अजून दोन दिवस अवकाश असल्याने घरात त्यांचे जे स्वागत होते ते माशांचे होत नाही.

हिशेबाचे भांडण श्रावणापर्यंत चालते, कारण माळकऱ्याचे म्हणणे पडते की गांडुळांचा खर्च त्याच्या नावावर टाकू नये. दांडी मात्र सापडलेली असते. तंबू देणाऱ्या तरुणाने ती गाळातून शोधून राजूरहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवून दिलेली असते. तिचे रीळ गेलेले असले तरी नळ्या शाबूत असतात आणि टोकाला आकडा राहिलेला असतो, त्यामुळे परसातल्या शेवग्याच्या सर्वांत वरच्या फांदीपर्यंत ती सहज पोचते. गळभाऊची आई सकाळी ती पूर्ण लांबवते, आकडा देठात अडकवते, मनगट जरासे हलवते, आणि आमटीपुरत्या शेंगा खाली येतात.